पाहुण्यांची घरगुती गाडी

"ताई, तेवढं बॉनेट नका उघडू," सुजाताची आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "पाव्हण्यांची गाडी हाय. त्यांना काय वाटंल?"

माझा हात बॉनेटच्या कडेवर होता. सोनईत, साळव्यांच्या घरापुढे, लिंबाच्या सावलीत पांढरी सेडान उभी होती. धुतलेली, पुसलेली, आरशाला झेंडूची माळ. ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या आणि आतून पोह्यांचा वास येत होता. मला गाडी तपासायला बोलावलं होतं, आणि गाडी तेवढी तपासायची नव्हती.

आधी माझं काम सांगते. मी ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला. मग एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होते. म्हणजे गिऱ्हाईक आणि मेकॅनिक यांच्या मधे उभं राहून दोघांची बोलणी खाणारी बाई. आता नगरमध्ये स्वतंत्रपणे जुन्या गाड्या तपासून देते. जिल्ह्याचं नाव बदललं, माझ्या तोंडात अजून नगरच आहे. मी काम करते ते घेणाऱ्याच्या बाजूने. विकणाऱ्याचा चहासुद्धा पीत नाही. चहा प्यायला की माणूस गिअरबॉक्सबद्दल सौम्य बोलायला लागतो, हे मी पाहिलेलं आहे.

सुजाता राहुरीला एका शाळेत शिक्षिका आहे. तिचे वडील, त्यांना घरात सगळे दादा म्हणतात, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. निवृत्त झाले आणि पुढे किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिससाठी सोनईहून नगरला न्यावं लागतं. जाताना माणूस बरा असतो. येताना अंगातलं सगळं त्राण गेलेलं, उलट्या, थंडी वाजते. एवढे दिवस हे जीप आणि एसटीवर चाललं होतं. एकदा पांढरीपुलापाशी जीप बंद पडली. दादा रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिले, दुसरं वाहन मिळून नगरला पोचेपर्यंत त्यांची डायलिसिसची पाळी हुकली. पाळी हुकली की अंगात पाणी साठतं आणि आडवं पडलं तरी श्वास पुरत नाही. ती रात्र काढल्यावर घरात ठरलं, गाडी घ्यायची. हौसेसाठी नाही. बंद न पडणारी आणि दादांना सुखरूप आणणारी.

सुजाताने मला फोन केला तेव्हाच माझं डोकं फिरायला हवं होतं.

"मॅडम, गाडी ठरल्यातच जमा आहे," ती म्हणाली. "वहिनीच्या मामांची आहे. तुम्ही फक्त एक नजर टाका. पण तपासणी आहे असं त्यांना वाटू देऊ नका."

"मग मी कशाला आले म्हणून सांगू? बारशाला?"

तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "भावाच्या सासरचा मामला आहे, मॅडम."

हे मला नवीन नाही. आपल्याकडे दुकानातून मिक्सर घेताना लोक तो तीनदा चालवून बघतात. भाजीवाल्याची भेंडी मोडून बघतात. आणि लाखांची गाडी पाहुण्यांकडून, म्हणजे सोयऱ्यांकडून आली की तिचं बॉनेट उघडणं हा अपमान होतो. बाहेरचा माणूस फसवेल म्हणून पाहुण्यांची गाडी घ्यायची, आणि पाहुण्यांची आहे म्हणून बघायची नाही. मी अशा किती गाड्या नंतर पाहिल्या आहेत, घेऊन झाल्यावर, टोचनच्या दोरीला बांधून आणलेल्या. तेव्हा आमच्यापुढे हात जोडतात. मामांपुढे तरीही काही बोलत नाहीत.

मी सुजाताला सांगितलं, मी खोटं बोलणार नाही, पण आल्या आल्या पाटीही लावणार नाही. ती बरं म्हणाली. सोनईला पोचले तर तिच्या आईने माझी ओळख करून दिली, "सुजाताच्या मैत्रिणीची आई." माझे केस पांढरे आहेत, मान्य आहे. तरीही राग आला.

मामा खुर्चीत ऐसपैस बसले होते. मधुकरमामा, शिर्डीजवळच्या राहात्याचे. सोबत पेढ्याचा बॉक्स आणला होता. सुजाताचा भाऊ राहुल त्यांच्या शेजारी गाडीची किल्ली बोटात फिरवत होता, म्हणजे मनाने गाडी त्याने घेऊन टाकली होती. त्याची बायको वैशाली, मामांची भाची, पोह्यांच्या डिश आणून ठेवत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. दादा दारातल्या खाटेवर बसून गाडीकडे बघत होते. लहान मुलाने नव्या सायकलीकडे बघावं तसं.

मामांनी गाडीचं वर्णन सुरू केलं. मुलगी दाखवतानासुद्धा लोक हल्ली इतकं बोलत नाहीत.

"एकदम घरगुती वापर. आमची सूनबाई शाळंत जायची-यायची, तेवढंच. लेडीज यूज."

या दोन शब्दांवर मला जरा थांबायचं आहे. जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचा. निम्म्या गाड्या डॉक्टरांच्या असतात, उरलेल्या 'लेडीज यूज'. जिल्ह्यात इतके डॉक्टर असते तर दादांना नगरपर्यंत जावं लागलं नसतं. आणि लेडीज यूज म्हणजे काय? बाई गाडी चालवते ती फुलासारखी आणि थोडीच, असा याचा अर्थ. मी स्वतः नगर-मनमाड रस्त्यावर वर्षानुवर्षं गाडी हाकते आहे. माझ्या गाडीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर कुणी लेडीज यूज म्हणून विकत घेतले तर मी त्याच्यावरच केस करीन.

'घरगुती' हा शब्द मात्र कामाचा आहे. गाडी भाड्याने फिरलेली नाही, असा त्याचा बाजारातला अर्थ. भाड्याच्या गाडीला पिवळी नंबर प्लेट लागते, परमिट लागतं, ठरावीक काळाने फिटनेसची तपासणी होते. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने फिरवणं बेकायदा आहे, आणि सर्रास चालतं. अशी गाडी अतोनात पळते, निरनिराळे ड्रायव्हर तिला बडवतात, आणि विकताना ती घरगुती होते.

बॉनेट उघडायचं नव्हतं. ठीक आहे. मी म्हटलं, मी जरा मागे बसून बघते, दादांना ऐसपैस होईल का.

"बसा की," मामा म्हणाले. "मागं तर राजासारखी जागा हाय."

लोकांना वाटतं गाडीचं सगळं पुढे असतं. माझा अनुभव वेगळा आहे. इंजिन धुता येतं, किलोमीटरचा आकडा मागे नेता येतो, स्टिअरिंगला नवं कव्हर घालता येतं. मागच्या सीटकडे कुणाचं लक्ष जात नाही. घरच्या गाडीत पुढच्या दोन सीट झिजतात. मागे पोरं बसतात, बिस्किटाचा चुरा असतो, स्प्रिंग शाबूत असते. भाड्याच्या गाडीत उलटं. तिथे मागची सीट खचते, आणि मागचं डावं दार सैल होतं, कारण माणसं रस्त्याच्या कडेला उतरतात आणि दार धाडकन लावतात.

मी डावं दार उघडलं. ते हातात किंचित खाली आलं. बिजागरी झिजली की दार असं उतरतं. उजवं उघडलं, ते ताठ होतं. सीटवर बसले. वर नवं कव्हर होतं, खाली खड्डा होता. सूनबाई एकटी शाळेत जात होती तर मागे कोण बसत होतं?

मग मी पायातलं रबरी मॅट उचललं. तेही नवंकोरं. खालचं कार्पेट धुतलेलं होतं, पण कार्पेटखाली एक जाड नमद्यासारखा थर असतो, आवाज अडवायला. तो धुता येत नाही. कडेने बोट आत घातलं. बोट बाहेर आलं ते काळं आणि तेलकट. इंजिन ऑईल नव्हतं. चिकट, धूळ बसून कणकेसारखं झालेलं, आणि वास खवट.

मी बाहेर आले तेव्हा सुजाताची आई मला हात धुवायला तांब्या घेऊन आली. माझ्या हाताजवळ येऊन ती थबकली.

"हे तर शिंगणापूरचं तेल हाय," ती म्हणाली.

तिला कसं कळलं हे सोनईकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. शनिशिंगणापूर इथून हाकेच्या अंतरावर. भाविक देवाला तेल वाहतात, आणि तेच हात, तेच पाय, तेच कपडे घेऊन गाडीत बसतात. सोनईची प्रत्येक जीप त्या वासाची. त्या बाईने सगळं आयुष्य त्या जीपमधून प्रवास केला होता.

मामा तिथूनच म्हणाले, "मग काय झालं, विहीणबाई? देवाचंच तेल हाय की."

अंगणातले सगळे एकदम मामांकडे बघायला लागले. मला आधी कळलं नाही का ते. मग सुजाताने विचारलं, अगदी वर्गात विचारावं तशा आवाजात.

"मामा, आपल्यात शनीला कोण जातं?"

साळवे बौद्ध आहेत. मामाही बौद्ध. सुजाताच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून त्या घरातलं कुणी शिंगणापूरला तेल वाहायला गेलेलं नाही, आणि ही गोष्ट त्या घरात अभिमानाची आहे. ज्याला जायचं त्याने जावं, त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही. पण राहात्याची ही सूनबाई शाळेत जाताना रोज शनीला तेल वाहून येत होती, एवढं तेल की नमदा भिजावा, हे कुणाच्या गळी उतरणार होतं?

मामा म्हणाले, शेजाऱ्याला एकदा नेलं होतं.

मी म्हटलं, "एकदा नेल्याने मॅटला डाग पडतो. हे खालपर्यंत मुरलं आहे. ही गाडी शिर्डी ते शिंगणापूर भाविकांच्या खेपा मारत होती. रोज."

"तुमी कोण पण?" मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मैत्रिणीची आई ना तुमी?"

"नाही. मी गाड्या तपासते. हा माझा धंदा आहे. आता बॉनेटही उघडणार आहे."

राहुल उठला. मॅडम, तुम्ही पाहुण्यांना घरात बोलावून चोर ठरवताय, असं काहीसं म्हणाला. मी त्याला सांगितलं, मी कुणाला काही ठरवत नाही, मी गाडीबद्दल बोलते आहे. खेपा मारलेली गाडीसुद्धा चालते, तिचं काम करून घेतलं तर. तसं सांगून विकली असती तर मी कदाचित घ्या म्हटलं असतं. मामांनी बायामाणसांनी गाड्या तपासायचे दिवस आल्याबद्दल दोन शब्द ऐकवले. मी ते ऐकले नाहीत. मला किल्ली हवी होती. राहुलने ती दिली नाही. दादांनी खाटेवरून नुसता हात पुढे केला, तेव्हा दिली.

आता जे सांगते ते कुणालाही करता येतं. त्यासाठी डिप्लोमा लागत नाही.

किल्ली फिरवा, पण इंजिन चालू करू नका. समोर लाल-पिवळे दिवे लागतात. त्यात एक दिवा एअरबॅगचा असतो, बसलेल्या माणसापुढे गोल फुगा दाखवणारा. हा दिवा लागला पाहिजे, आणि काही सेकंदांत आपोआप विझला पाहिजे. लागतो म्हणजे बल्ब आहे. विझतो म्हणजे गाडीने एअरबॅग तपासली आणि सगळं ठीक आहे. अजिबात लागला नाही तर कुणीतरी बल्ब काढला आहे.

या गाडीत दिवा लागला. मी वाट पाहिली. तो विझला नाही. शेजारचा बॅटरीचा दिवाही लागलेला होता, तो इंजिन सुरू होईपर्यंत लागलेलाच राहतो. मी इंजिन सुरू केलं. बॅटरीचा दिवा विझला आणि त्याच क्षणी एअरबॅगचाही विझला.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. दोघं जुळ्या भावांसारखे एकदम विझत होते.

याचा अर्थ एवढाच. कुणीतरी एअरबॅगच्या दिव्याची तार बॅटरीच्या दिव्याला जोडली होती. गाडीला मोठा अपघात होतो, एअरबॅग फुटतात. त्या पुन्हा बसवणं महाग पडतं. मग वरचं झाकण नवं लावतात, आत काही नाही, आणि दिवा असा फसवतात की घेणाऱ्याला वाटावं सगळं ठीक आहे. तरी मी स्कॅनर लावला. हे एक छोटं यंत्र असतं, गाडीच्या कॉम्प्युटरला प्रश्न विचारायचं. इंजिनने उत्तर दिलं. ब्रेकने उत्तर दिलं. एअरबॅगच्या ठिकाणाहून काहीच उत्तर आलं नाही. तिथे उत्तर द्यायला कुणी नव्हतंच. बॉनेट उघडलं तर पुढचा आडवा पत्रा नव्याने वेल्डिंग केलेला, वर रंग मारलेला. म्हणजे समोरून धडक.

मी दादांना विचारलं, नगरहून परत येताना तुम्ही कुठे बसणार?

"पुढं," ते म्हणाले. "मागं मळमळतं मला."

मी पुढच्या डाव्या सीटसमोरचा डॅशबोर्ड बोटाने वाजवला. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. इमामपूरच्या घाटात उसाचे ट्रक कसे उतरतात हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला आणखी काही सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी मला खरा संताप आला तो तेलाचा नाही. खेपा मारल्या, मारल्या. किलोमीटर मागे नेले असतील, तेही रोजचं आहे. पण दिवा जोडणाऱ्या माणसाने ती तार हातात धरून विचार केलेला असतो. त्याला माहीत असतं की या दिव्यावर कुणीतरी भरवसा ठेवणार आहे. आणि मामांना माहीत होतं की या गाडीत कोण बसणार आहे. पेढे घेऊन आले होते.

मी हे मामांना विचारलं. एअरबॅगचं तुम्हाला माहीत होतं का, एवढंच. त्यांनी उत्तर दिलं ते मी विसरलेले नाही.

"एअरबॅग कुनाची कधी फुटती का? आमच्या जीपला होत्या का एअरबॅग? आन् हा घरातलाच मामला हाय, बाई. काय निघालं असतं तर बघितलं असतं आपण."

राहुल तरीही म्हणाला, मामा करून देतील ना काम, आपण बोलून घेऊ. त्याला सासरी तोंड दाखवायचं होतं. सुजाता चिडून काही बोलणार होती, तिच्या आईने तिचा हात दाबला. सगळे पुन्हा त्याच जागी आले होते. पाहुणे समोर बसलेले, आणि नाही कुणी म्हणायचं हा प्रश्न.

तेव्हा वैशाली पुढे आली. सकाळपासून तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि मामांच्या पुढ्यातल्या पोह्यांच्या डिशशेजारी ठेवली.

"मामा, गाडी घेऊन जा," ती म्हणाली. "डायलिसिसला दादांसंग मी जाते. मागं मी बसते, पुढं ते बसत्यात. तुमी मला ईचारलं बी न्हाई."

"वैशे, तुझ्या आईला काय सांगू मी?"

"मी सांगते तिला. तेलाचं बी सांगते."

मामांनी पोहे संपवले. हे मला अजून आठवतं, त्यांनी डिश पूर्ण संपवली, पाणी प्यायले, आणि मग गेले. पेढे मात्र ठेवून गेले. सुजाताच्या आईने ते शेजारी वाटून टाकले.

पुढे महिनाभरात पाथर्डीला एक गाडी मिळाली. निवृत्त शिक्षक नवरा-बायकोची. रंग उडालेला, डाव्या अंगाला लांबलचक ओरखडा. मी विचारायच्या आधीच मालक म्हणाले, उसाच्या ट्रॉलीने ओढलंय, मी दुरुस्त केलं नाही, तुम्हीच बघून घ्या. मागच्या सीटखाली शेंगांची टरफलं, खडूचा तुकडा आणि केसांची एक पिन निघाली. एअरबॅगचा दिवा लागला आणि आपोआप विझला. राहुलला गाडी आवडली नाही. दिसायला साधी आहे म्हणाला. दादा पुढे बसून बघत होते. सुजाताची आई मालकांच्या समोर जाऊन उभी राहिली, पदर सावरला, आणि म्हणाली, "गुरुजी, राग मानू नका. बॉनेट उघडा."

त्यांनी उघडलं. रागही मानला नाही. ज्याची गाडी चांगली असते त्याला बॉनेटचा राग येत नाही, हे मी इतक्या वर्षांत एकदाही चुकीचं ठरलेलं पाहिलं नाही. त्या गाडीने दादा अजून नगरला येतात-जातात.

मामांची पांढरी सेडानही विकली गेली. वैशालीकडून कळलं, श्रीगोंद्याकडच्या कुणा नातलगांनी घेतली. बॉनेट उघडलं होतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, न्हाई, घरातलाच मामला होता. वैशालीने त्यांना फोन करून दिव्याचं सांगितलं. त्यांनी ते मामांना विचारलं. मामा म्हणाले, दिवा तर बरोबर विझतो की.

आता गाडी तपासायला फोन आला की मी मॉडेल विचारत नाही, साल विचारत नाही. आधी विचारते, कुणाची आहे? कुणी म्हणालं, "पाहुण्यांची आहे मॅडम, एकदम घरगुती," की मी स्कॅनर चार्जिंगला लावते.